तंट्याच्या बाजूनं

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी आमच्या गावात देवळापुढं बैठक बसली. आमच्या वस्तीतली चार-पाच माणसं कडेला, पायरीच्या खाली. गावातल्या एका वजनदार माणसानं सुरुवात केली, "पोरांनो, औंदा बिनविरोध करू. उगं तंटा कशाला? गावाला निधी मिळंल, गावाचं नाव होईल. तुमच्यातला बी एक घेऊ की." आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोंचा घ्यायचा, ह्ये कोन ठरवनार?" जरा वेळ कोणीच बोललं नाही. मग उत्तर आलं, "गाव ठरवंल."

त्या दोन शब्दांवर मी हा लेख लिहितोय.

त्याच दिवसांत मी मॅकिआव्हेली वाचत होतो. हसू नका, मित्रांनो. आपल्याकडं मॅकिआव्हेली म्हणजे कावेबाजपणाला दिलेलं विलायती नाव. अग्रलेखात कुणा पुढाऱ्याला शिवी द्यायची झाली की हे नाव काढतात. त्याचं 'प्रिन्स' हे छोटं पुस्तक सगळ्यांनी ऐकलेलं असतं, वाचलेलं नसतं. पण ह्या माणसानं दुसरं एक जाडजूड पुस्तक लिहिलं. रोमन इतिहासकार लिव्ही ह्याच्या पहिल्या दहा खंडांवरची टिपणं आणि चिंतन. 'डिस्कोर्सेस' म्हणून ते ओळखलं जातं. तो 1527 साली मेला आणि हे पुस्तक 1531 साली छापलं गेलं. ते राजाचं पुस्तक नव्हे, प्रजासत्ताकाचं पुस्तक आहे. प्रजासत्ताक कशानं उभं राहतं, कशानं सडतं, हा एकच सवाल घेऊन तो जुन्या रोमला खोदत बसलाय.

जुना इतिहास खोदून आजचं उत्तर शोधायचं, हा प्रकार आम्हा नगरकरांना नवा नाही. (जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं, तरी तोंडात अजून नगरच बसलंय.) इथल्या भुईकोट किल्ल्यात नेहरू 1942 पासून 1945 पर्यंत कैदेत होते. तिथंच 1944 साली त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. स्वातंत्र्य हिरावलेला माणूस मागं वळून पूर्वजांना विचारतो, तुमचं कसं चाललं होतं? नेहरूंना उत्तर मिळालं ते असं: जुना समाज तीन गोष्टींवर उभा होता. स्वायत्त गाव, जात आणि एकत्र कुटुंब. जातीवर त्यांनी टीकाही केली, हे नाकारायचं नाही. पण गाव एक खांब आणि जात दुसरा खांब, हा हिशेबच चुकीचा. जात गावाच्या पोटातच आहे. किल्ल्याच्या तटाआडून हे दिसायला अवघड. महारवाड्यातून ते एका नजरेत दिसतं.

ते बाबासाहेबांना दिसलं होतं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी खेड्याच्या ह्या प्रजासत्ताकाचं सगळं कौतुक खाली पाडलं. मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भारतातल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं होतं. राज्यं आली, बुडाली, खेडी टिकली, असा त्याचा सूर. बाबासाहेबांनी विचारलं, टिकली खरी, पण कोणत्या पातळीवर टिकली? नुसतं टिकणं म्हणजे मोठेपण काय?

आता मॅकिआव्हेलीकडं या. फ्लॉरेन्स हे त्याचं शहर प्रजासत्ताक होतं आणि तो त्याच्या कचेरीत अधिकारी होता. 1512 साली मेदिची घराणं सत्तेवर परत आलं. ह्याची नोकरी गेली. 1513 साली कटाचा संशय घेऊन त्याला धरलं, हात पाठीमागं बांधून दोरानं लटकवलं. सुटल्यावर तो खेड्यातल्या आपल्या मळ्यावर जाऊन राहिला. त्या वर्षी डिसेंबरात त्यानं मित्राला एक पत्र लिहिलं, ते पुढं फार गाजलं. दिवसभर तो गुत्त्यात खाटकाबरोबर, गिरणीवाल्याबरोबर पत्ते कुटतो, भांडतो. संध्याकाळी घरी येऊन चिखलानं माखलेले कपडे उतरवतो, दरबारी झगा चढवतो आणि मग जुन्या लोकांच्या सभेत शिरतो. म्हणजे त्यांची पुस्तकं वाचायला बसतो. हे कपडे ध्यानात ठेवा. त्यांच्याकडं मी परत येणार आहे.

त्या काळच्या इटलीत प्राचीन रोमचं वेड सगळ्यांनाच होतं. दगडी पुतळे उकरून काढायचे, जुनी लॅटिन वळवायची. राजकारणावर लिहिणारे पंडित रोमकडून एक धडा हमखास काढायचे: एकी. सगळ्या थरांचं सूत जमलं की राज्य थोर होतं, भांडणं लागली की बुडतं. मॅकिआव्हेलीनं ह्या धड्याच्या तोंडात मारली. पहिल्या भागाच्या चौथ्याच प्रकरणात तो म्हणतो, रोमच्या उमरावांत आणि सामान्य लोकांत जे तंटे झाले, त्यांना जे नावं ठेवतात ते रोमच्या स्वातंत्र्याच्या मुळालाच नावं ठेवतात. त्यांना आरडाओरडा ऐकू येतो, त्यातून निपजलेले कायदे दिसत नाहीत. प्रत्येक राज्यात दोन वृत्ती असतात, मोठ्यांची आणि लोकांची. मोठ्यांना दाबायचं असतं, लोकांना दबायचं नसतं. स्वातंत्र्याच्या बाजूचे सगळे कायदे ह्या दोघांच्या भांडणातून जन्मतात. म्हणून स्वातंत्र्याची राखण कुणाच्या हाती द्यायची, तर ज्याला फक्त दबायचं नाही त्याच्या हाती.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा इटालियन माणूस तंट्याच्या बाजूनं उभा होता.

तंटा कसला? लिव्हीनं सांगितलेली गोष्ट अशी. इ. स. पूर्व 494 साली रोमचे प्लेब, म्हणजे सामान्य लोक, सावकारीनं पिळून निघाले होते. कर्ज फिटलं नाही की माणूस सावकाराच्या ताब्यात. वर लढाईला जायचं ते ह्यांनीच. मग एक दिवस ते सगळे शहर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. दंगा नाही, जाळपोळ नाही. नुसते निघून गेले. पॅट्रिशियन म्हणजे उमराव घाबरले. त्यांनी समजूत घालायला मेनेनियस अग्रिप्पा नावाचा एक गोडबोल्या माणूस पाठवला. त्यानं गोष्ट सांगितली: शरीराचे अवयव पोटावर रुसले. पोट आयतं खातं, म्हणून हातांनी घास उचलणं सोडलं, तोंडानं घेणं सोडलं. झालं काय, सगळं शरीरच वाळलं. तेव्हा बाबांनो, पोटाशी भांडू नका.

गोष्ट ओळखीची वाटते ना? आपल्याकडं ती पुरुषसूक्तात आहे. मुख ब्राह्मण, बाहू क्षत्रिय, मांड्या वैश्य, पाय शूद्र. आपल्याला तर त्या शरीरात पायाच्या नखाचीसुद्धा जागा नाही. समाज एक शरीर आहे असं कुणी गोड आवाजात सांगायला लागला, की आपण पहिल्यांदा विचारायचं: बाबा, तू त्यातला कोण? पोट का?

पण रोमच्या गोष्टीचा शेवट महत्त्वाचा. प्लेब नुसत्या गोष्टीवर परतले नाहीत. आपले ट्रिब्यून घेऊन परतले. ट्रिब्यून प्लेबांमधलाच असणार, प्लेबच निवडणार, त्याच्या अंगाला हात लावणं हा धर्मद्रोह, आणि पुढं तर तो 'नाही' म्हणाला की उमरावांचा हुकूम जागच्या जागी थांबायचा. हे तंट्यानं मिळालं. एकमतानं कुणी दिलं नाही.

आता आपला जिल्हा बघा. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे गावातच मिटवा, बक्षीस मिळवा. बांधाची, वाटणीची भांडणं मिटत असतील तर कुणाला नको आहे? पण आमच्या भागात मी कानांनी ऐकलंय, "ती केस मागं घ्या, गावाचं बक्षीस जाईल." केस कसली? ॲट्रॉसिटीची. म्हणजे शिवी खाणारा तंटाखोर आणि शिवी देणारा गाव.

निवडणुकीचंही तसंच. डिसेंबर 2020 मध्ये पारनेरच्या तेव्हाच्या आमदारांनी बिनविरोध होणाऱ्या ग्रामपंचायतीला 25 लाखांचा निधी जाहीर केला. आणि आदर्श गाव म्हटलं की सगळा देश बोट दाखवतो ती दोन गावं आमच्याच जिल्ह्यातली. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. मी ह्या गावांची टवाळी करणार नाही. दुष्काळी मुलखात पाणी अडवून दाखवणं हे खरं काम आहे. बांध-बंधारे खोटे नाहीत. पण राळेगणची दारूबंदी देवळात घेतलेल्या शपथांवर उभी राहिली, आणि शपथ मोडणाऱ्या दारुड्याला खांबाला बांधून मारलं, हे अण्णा हजाऱ्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. तिथल्या दलित कुटुंबांचं कर्ज गावानं त्यांच्या रानात श्रमदान करून फेडलं, असंही कौतुकानं सांगतात. चांगलं झालं. पण उपकारानं फिटलेलं कर्ज आणि हक्कानं मिळालेली मजुरी ह्यांत फरक आहे. उपकार घेतलेला माणूस ग्रामसभेत 'नाही' म्हणू शकतो का, ही प्रजासत्ताकाची परीक्षा.

हिवरे बाजारात 1989 पासून निवडणूक बिनविरोध होत होती. जानेवारी 2021 मध्ये तिथं प्रथमच मतदान झालं. पोपटराव पवारांच्या पॅनेलनं सातही जागा जिंकल्या. मी विचारतो, मतदान झालं म्हणून काय बिघडलं? विहिरींचं पाणी आटलं का? उलट जे जिंकले ते आता मोजून जिंकले. बिनविरोध निवडून आलेल्या माणसाला स्वतःलाच ठाऊक नसतं की लोक त्याच्या मागं आहेत की त्याला भ्यालेत.

त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत सरपंचपदाची बोली लागल्याचं उघड झालं. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली. राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. पैसा कशासाठी होता? देवळाच्या कामासाठी. म्हणजे गावाचं एकमत देवाच्या नावानं विकत घेता येतं. बैठक देवळापुढं, शपथ देवळात, बोली देवळासाठी. हा योगायोग आहे असं ज्याला वाटतं त्यानं 'जातिनिर्मूलन' पुन्हा उघडावं.

1936 सालच्या त्या न झालेल्या भाषणात बाबासाहेब रोमकडं दोनदा जातात. एकदा ते सांगतात की रोमच्या राज्यघटनेत दोन कॉन्सलांपैकी एक प्लेब असावा अशी तरतूद होती, कारण राजकीय घटनेला सामाजिक फाळणीची दखल घ्यावीच लागते. दुसऱ्यांदा त्याहून खोल जातात. प्लेबांना आपला कॉन्सल मिळाला, स्वतंत्र मतदानानं मिळाला, तरी त्यांना खंबीर माणूस कधी लाभला नाही. का? तर डेल्फीच्या देवीनं पसंती दिल्याशिवाय कुणालाही पद घेता येत नसे. देवीचे पुजारी सगळे पॅट्रिशियन. प्लेबांनी करारी माणूस निवडला की देवीचा कौल नापसंतीचा. मऊ माणूस निवडला की देवी प्रसन्न. आणि प्लेब हे मुकाट्यानं मानत होते, कारण देवीवर त्यांचीही श्रद्धा होती.

इथं मी एक गोष्ट बोलणार आहे, ती काही मित्रांना रुचणार नाही. ह्या उदाहरणाच्या तपशिलात चूक आहे. डेल्फी रोममध्ये नव्हे, ग्रीसमध्ये. तिथं कौल देणारा देव अपोलो. रोमचे लोक मोठ्या संकटात तिथं माणसं धाडून विचारणा करत, पण कॉन्सलची नेमणूक तिथून होत नसे. आणि बाबासाहेबांनी जिला प्लेबांची सभा म्हटलं ती सभा साऱ्या नागरिकांची होती, श्रीमंतांच्या मताला जास्त वजन देणारी. बाबासाहेबांची चूक दाखवायची? मी म्हणतो, दाखवायची. त्यांच्या पुस्तकाची पोथी करायची नसेल तर दाखवायचीच.

पण तपशील दुरुस्त केला की मर्म आणखी घट्ट बसतं. रोमला डेल्फीची गरजच नव्हती, त्यांच्याकडं घरचे कौल होते. पक्षी कुठून उडाले, वीज कुठं चमकली, पवित्र कोंबड्यांनी दाणे टिपले की नाही. कौल अशुभ निघाला की सभा बरखास्त, निवड रद्द. आणि कौलाचा अर्थ लावणारे जे ऑगर, ते इ. स. पूर्व 300 पर्यंत फक्त पॅट्रिशियन. कोंबडीनं दाणा टिपला नाही म्हणून लोकांचं मत रद्द! देवी नव्हे, कोंबडी. बाबासाहेब म्हणाले त्यापेक्षाही गोष्ट जास्त संतापाची आहे.

मॅकिआव्हेलीनंही नेमकी हीच गोष्ट पकडली आहे. त्याच पहिल्या भागाच्या तेराव्या प्रकरणात. इ. स. पूर्व 400 च्या सुमाराला एका वर्षी वरच्या पदांवर जवळजवळ सगळे प्लेब निवडून आले. त्या वर्षी रोगराई आली, दुष्काळ पडला, अपशकुन झाले. उमरावांनी संधी साधली. म्हणाले, पदांचा विटाळ झाला म्हणून देव कोपले. पुढच्या निवडणुकीत भ्यालेल्या प्लेबांनी स्वतःच्या हातानं सगळे उमराव निवडून दिले. विटाळ हा शब्द माझा. अर्थ त्यांचाच.

मात्र दोघांचं वाचन सारखं नाही. मॅकिआव्हेली ही गोष्ट शाबासकीच्या सुरात सांगतो. रोमनांनी धर्माचा वापर किती हुशारीनं केला बघा, असा त्याचा सूर. तंट्याच्या बाजूचा हा माणूस देवळाच्या पायरीशी आला की वरच्या बाजूला जाऊन उभा राहतो. बाबासाहेब खालच्या पायरीवरून बघतात. एकाला राज्य चालवण्याची युक्ती दिसते, दुसऱ्याला लोकांची फसवणूक. गोष्ट तीच, जागा वेगळी. समीक्षा समीक्षा म्हणतात ती दुसरी काय असते? वाचणारा कोणत्या पायरीवर उभा आहे, हे आधी बघायचं.

आणि हे कळलं की येवला कळतं. आमच्या कोपरगावला लागूनच येवला. 13 ऑक्टोबर 1935 ला तिथं बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी रोमचं उदाहरण आलं. राखीव जागा मिळाली आणि देवी तीच राहिली, तर जागेवर बसणारा माणूस देवीच्या पसंतीचाच असणार. म्हणून 1956 साली नागपुरात ते आपल्याला घेऊन बाहेर पडले. ते आपलं टेकडीवर जाणं होतं. फरक इतकाच की रोमचे प्लेब शहर सोडून गेले आणि देव तोच ठेवून परत आले. आपण देव सोडला आणि गावातच राहिलो.

इथंच रोमचा धडा आपल्याला अपुरा पडायला लागतो. प्लेब निघून गेले तेव्हा रोम अडलं, कारण लढणारे हात त्यांचे होते. आपण गावाचं काम सोडलं, मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं, येसकरकी टाकली, तेव्हा काय झालं? गावानं गिरणी बंद केली, किराणा बंद केला, रानातली वाट बंद केली. रोममध्ये बाहेर जाणं हे खालच्यांचं हत्यार होतं. आपल्या गावात बाहेर काढणं हे वरच्यांचं हत्यार आहे. कारण जमीन. मॅकिआव्हेलीला हेही ठाऊक आहे. सदतिसाव्या प्रकरणात तो सांगतो, रोमच्या उमरावांनी पदं फारशी खळखळ न करता सोडली, पण मालमत्तेला हात लागताच ते हट्टाला पेटले. इ. स. पूर्व 133 मध्ये टायबेरियस ग्राकसनं जमीनवाटपाचा कायदा आणला आणि उमरावांनी त्याला भर सभेत ठेचून मारलं. पदं घ्या, जमीन मागू नका. राखीव सरपंचाची खुर्ची आणि 1959 आणि 1964 साली दादासाहेब गायकवाडांनी उभे केलेले भूमिहीनांचे सत्याग्रह, ह्या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. पहिली मिळाली. दुसरीचं काय झालं ते प्रत्येकानं आपल्या गावच्या सातबाऱ्यावर बघावं.

आणखी एक फरक. इ. स. पूर्व 445 मध्ये रोमनं कायदा करून प्लेब आणि पॅट्रिशियनांमधली लग्नं मोकळी केली. 28 एप्रिल 2014 ला आमच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात शाळेत शिकणाऱ्या एका दलित पोराला मारून टाकलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून. 2017 च्या नोव्हेंबरात नगरच्या न्यायालयात सगळे आरोपी सुटले. साक्षीदार उलटले होते. मित्रांनो, बिनविरोध म्हणजे काय ते इथं कळतं. साक्षीच्या पिंजऱ्यात माणसामागून माणूस उभा राहतो आणि एकमतानं कुणी काही पाहिलेलं नसतं.

सातव्या प्रकरणात मॅकिआव्हेली म्हणतो, प्रजासत्ताकाला सगळ्यांत जरुरीची गोष्ट म्हणजे उघड फिर्याद करण्याची सोय. कोरिओलेनस हा उमराव प्लेबांना उपाशी मारून वठणीवर आणा म्हणाला, तेव्हा लोक त्याला फाडून खाणार होते. ट्रिब्यूनांनी त्याच्यावर रीतसर आरोप ठेवला म्हणून रक्तपात टळला. फिर्यादीची वाट बंद केली की राग आडवाटेनं बाहेर पडतो आणि राज्य बुडतं. 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा ही आपली फिर्यादीची वाट आहे. गावाचं बक्षीस जाईल म्हणून ती बंद करा म्हणणारा माणूस शांततेच्या बाजूचा नाही. तो प्रजासत्ताकाच्या विरुद्ध बाजूचा आहे.

आता कुणी म्हणेल, रोम कशाला, आपल्या देशात प्रजासत्ताकं नव्हती का? होती. 1924 साली जायसवालांनी 'हिंदू पॉलिटी'त त्यांचा अभिमानानं झेंडा लावला. वैशालीचे लिच्छवी, शाक्य, मल्ल. जातककथेत वैशालीचे 7707 राजे सांगितलेत. पण सभेत बसणारे ते राजे म्हणजे क्षत्रिय कुळांचे पुरुष. त्यांची शेतं नांगरणारे दास-कर्मकर त्या सभेत नव्हते. बाबासाहेबांनीही 25 नोव्हेंबर 1949 ला ह्या गणराज्यांची आठवण करून दिली. पण त्यांनी राजांचं कौतुक केलं नाही, भिक्खू संघाच्या सभेची रीत सांगितली. ठराव कसा मांडायचा, गणपूर्ती किती, मतं कशी मोजायची, गुप्त मतदान कसं घ्यायचं. मत मोजायला शलाका म्हणजे लाकडाच्या काड्या वापरत. एकमत गृहीत धरलेलं नव्हतं. मत मोजत होते.

आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची गोष्टच पालटून टाकली. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून तो निघाला, हे त्यांना पटलं नाही. त्यांचा सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायचा ठराव येतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि मतदानात पडतो. सैन्यात जायला नकार देतो तेव्हा त्याला धमकी मिळते: तुझ्या घरावर बहिष्कार टाकू, जमीन जप्त करू. मग तो देश सोडणं पत्करतो. म्हणजे बाबासाहेबांनी आपल्या सर्वांत थोर माणसाची सुरुवात एका प्रजासत्ताकात विरोधी मत दिलेला माणूस म्हणून केली. त्या प्रजासत्ताकालाही त्यांनी माफ केलं नाही. पाणी, बहुमत, बहिष्कार, जमीन. हे कपिलवस्तू आहे की आपलं गाव?

आता त्या कपड्यांकडं परत येतो. मॅकिआव्हेलीनं फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिला, त्यात 1378 सालचा लोकर कामगारांचा उठाव आहे. चिओंपी म्हणत त्यांना. त्यातल्या एका नाव नसलेल्या कामगाराच्या तोंडी तो भाषण घालतो. त्याचा मतलब असा: आपल्याला आणि त्यांना नागडं करा, सगळे सारखेच दिसू. त्यांचे कपडे आपल्याला घाला, आपले त्यांना, आपण उमराव ठरू. जो माणूस दरबारी झगा घातल्याशिवाय पूर्वजांच्या सभेत जात नव्हता, त्याच्याच लेखणीतून हे उतरलं. त्या उठावात मिकेले दी लांदो नावाचा लोकर पिंजणारा शहराचा प्रमुख झाला. आणि काही आठवड्यांतच तो आपल्याच कामगारांवर उलटला. मिकेले दी लांदो आपल्याकडं किती झाले, ते मी मोजत नाही. डेल्फीची देवी नेहमी अशाच माणसावर प्रसन्न असते.

म्हणून मॅकिआव्हेली वाचा, पण झगा घालून वाचू नका. वस्तीतल्या कपड्यांवर वाचा. तंटा हा प्रजासत्ताकाचा रोग नव्हे, हे त्याच्याकडून घ्या. देवळाच्या पायरीशी तो जे शिकवतो ते तिथंच टाकून द्या. त्यापुढचा रस्ता बाबासाहेबांचा.

आमच्या गावात पुढं काय झालं ते सांगतो. बिनविरोध झालं नाही. वस्तीतल्या एका बाईनं आमच्याकडून अर्ज भरला. माघारीच्या दिवसापर्यंत तिच्या दारात माणसं येत राहिली. तिनं अर्ज काढला नाही. निवडणुकीत ती पडली. पण वस्तीत जेवढी मतं होती त्याहून चार मतं जास्त पडली. ती चार कुणाची, हे गाव आजही शोधतंय.

म्हातारा हसून म्हणाला, "बघा, गावानं ठरवलंच न्हाई. मोजावं लागलं."

जय भीम.